लॉजचं रोख भाडं आंब्याचं उत्पन्न म्हणून दाखवलं तर भागीदार भाऊही अडकतो का?

तुम्ही लिहिलंय की तारकर्लीतलं लॉज दोघा भावांच्या भागीदारीत आहे, थोरले भाऊ रोख भाडं वहीत घेत नाहीत आणि तो पैसा बागेतल्या हापूसचा म्हणून दाखवतात. तुम्ही अडकाल का?

अडकाल. भागीदार आहात आणि सगळं माहीत असून गप्प आहात.

मी कुडाळात करसल्लागार आहे. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून आपल्याकडे सगळं आंब्यावर ढकलायची सवय लागलीय. पण हे कागदावरच उघडं पडतं. सातबाऱ्यावर कलमं ४० आणि पैसा ४०० कलमांचा! हापूस मार्च ते मे, फार तर पाऊस लागेपर्यंत. बँकेत रोकड भरलेली मात्र दिवाळीत आणि नाताळात. वाशीच्या दलालाची पट्टी, म्हणजे आंबा विकल्याचा हिशेबाचा कागद, मागितली की ती नसते, नाहीतर कुणाकडून तरी करून घेतलेली असते, आणि ते तर त्याहून वाईट. लॉजच्या रजिस्टरात त्या रात्री ३ खोल्या भरलेल्या, धोब्याच्या वहीत १० खोल्यांच्या चादरी. अधिकारी हेच ताडून बघतात.

नुसतं उत्पन्न कमी दाखवलं तर त्यावरच्या कराच्या ५० टक्के दंड आहे. खोटी नोंद करून लपवलं तर २०० टक्के. फौजदारी खटला वेगळाच. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २७६सी प्रमाणे बुडवू पाहिलेला कर २५ लाखांच्या वर गेला तर ६ महिने ते ७ वर्षं सक्तमजुरी होती, त्याच्या आत असेल तर ३ महिने ते २ वर्षं; २०२६ पासून या शिक्षा बदलल्यात. शिवाय हे जाणूनबुजून केलं असंच कोर्ट धरून चालतं; तसं नव्हतं हे आरोपीने सिद्ध करायचं. ‘हिशेब दादा बघायचा’ एवढ्यावर सुटका होईल या भरवशावर कृपा करून राहू नका.

अजून आयकर खात्याची धाड किंवा सर्व्हे (जागेवर येऊन हिशेबाची तपासणी) झाला नसेल तर मागच्या वर्षांचं अद्ययावत विवरणपत्र, म्हणजे राहिलेलं उत्पन्न दाखवणारं, भरता येतं. कर आणि व्याजावर २५ टक्के जादा पडतात, उशीर वाढेल तसे ७० टक्क्यांपर्यंत जातात. जड आहे, पण लॉज वाचतं. सर्व्हे झाला की त्या वर्षासाठी आणि त्याआधीच्या वर्षांसाठीही ही वाट बंद.

दादांशी याच आठवड्यात बोला. ऐकलं नाही तर तुमचं म्हणणं लेखी द्या आणि पुढच्या विवरणपत्रावर सही करू नका. रोख भाड्याची कच्ची वही घरात असेल तर ती फाडू देऊ नका, खरं भाडं त्याच वहीवरून काढावं लागणार आहे.