जालन्यात आडतीच्या ऑफिसात व्हीओआयपी गेटवे (इंटरनेटवरून फोन चालवणारी पेटी) बसवलाय. आतले एक्स्टेंशन १०१ ते १२०. बाहेरचा कॉल लागायला फार वेळ जातो, मोबाइल तर लागतच नाही. डायल प्लॅन कसा लिहू?

डायल प्लॅनला, म्हणजे कोणता नंबर कसा ओळखायचा आणि कुठून सोडायचा या नियमांना, हात लावण्याआधी एक्स्टेंशनचे नंबर बदला. हे मी आग्रहाने सांगतोय. १०१ हा अग्निशमनचा नंबर, १०८ रुग्णवाहिकेचा, ११२ सगळ्या आपत्कालीन मदतीचा. उद्या सरकीच्या गोदामात आग लागली आणि कुणी १०१ फिरवला, तर घंटी तुमच्याच आतल्या टेबलावर वाजेल.

मग कोणता आकडा घ्यायचा? २ नको, कारण बीएसएनएलचे गावातले सहा आकडी नंबर २ ने सुरू होतात. ६ ते ९ मोबाइलचे, ० एसटीडीचा. ४०१ पासून पुढे घ्या, यातल्या कशाशीच टक्कर होत नाही.

मोबाइल न लागण्याचं कारण बहुतेक शून्य. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी शून्य लावावाच लागतो. ६ ते ९ ने सुरू होणारा दहा आकडी नंबर आला की गेटवेनेच पुढे ० जोडावा, असा नियम टाका. माणसांच्या सवयी बदलत बसू नका.

उशीर होतो कारण नंबर पुरा झाला की नाही, हे गेटवेला कळत नाही; पुढचा आकडा येईल म्हणून तो थांबून राहतो. काही जण ती वेळच एक-दोन सेकंदांवर आणतात. तसं करू नका, वहीत बघून सावकाश नंबर फिरवणाऱ्या मुनीमजींचा कॉल अर्ध्यात तुटेल. त्यापेक्षा लांबी पक्की करा: ४ ने सुरू झाला तर तीन आकडे, २ ने सुरू झाला तर सहा. ० नंतर १ ते ९ पैकी काही आलं तर एकूण अकरा, यात ०२४८२ सारखे कोड लावलेले लँडलाइन आणि मोबाइल दोन्ही बसतात. ०० बंदच ठेवा. गेटवेचा पासवर्ड फुटला तर परदेशी कॉलचं बिल तुमच्या नावावर येतं.

आता रूटिंग. १०१, १०८, ११२ आणि गावातले नंबर एफएक्सओ पोर्टवरून, म्हणजे तुमच्या लँडलाइनवरून सोडा. बाकीचे एसआयपी ट्रंकवरून, म्हणजे इंटरनेटवरून येणाऱ्या फोनलाइनवरून, गेले तरी चालतील. लँडलाइन बंद असताना गावातला नंबर ट्रंकवर वळवणार असाल, तर पुढे ०२४८२ जोडायला विसरू नका. आणि लाइट गेली की गेटवेही जातो, म्हणून राउटरसोबत त्यालाही यूपीएसवर घ्या.