ॲडमिशनच्या आधी पोडियमचे कागद मागा

प्रश्न : माझा पिंपरी-चिंचवड भागात बागकामाचा व्यवसाय आहे. १४ सोसायट्या आणि काही बंगले यांची लॉन कापणं, खत-पाणी, छाटणी अशी महिन्याची कामं आहेत. चार माणसं कामाला आहेत. मुलगा यंदा बारावी झाला, जीवशास्त्र गट, ६१ टक्के. सुट्टीत तो माझ्याबरोबर येतो. आता म्हणतो, नुसतं गवत कापून दर वाढत नाही, आपण लँडस्केपिंगकडे वळू. एका सोसायटीने पोडियमवरची, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवरची, बाग नव्याने करण्यासाठी सहा लाखांचं काम विचारलंय, ते घेऊ म्हणून मागे लागलाय. माझं मत, त्याने एक वर्ष थांबावं, तयारी करावी आणि कर्ज काढून का होईना, लँडस्केप आर्किटेक्ट व्हावं. पदवीशिवाय ही कामं करताच येत नाहीत. ऐकलं नाही तर धंदा बंद करीन, पण त्याच्या हातात मशीन देणार नाही. माळ्याचा मुलगा माळीच राहिला असं लोक म्हणतील. थेट प्रवेश कोणत्या कॉलेजात मिळेल?

उत्तर : नमस्कार.

कॉलेजचं नंतर बोलू. तुमच्या पत्रातलं ‘धंदा बंद करीन’ हे वाक्य मला ६१ टक्क्यांपेक्षा फार जास्त काळजीचं वाटतं. अठरा वर्षांच्या मुलाने वडिलांचा धंदा जवळून पाहिला आणि त्यातली खरी अडचण नेमकी ओळखली. लॉन कापायला कुणीही मशीन घेऊन येऊ शकतो, म्हणून सोसायटी दरवर्षी तीन कोटेशनं मागवते आणि तुमचा दर जागच्या जागी राहतो. हे त्याला कुठल्याही क्लासमध्ये शिकवलेलं नाही. वडिलांचं उत्पन्न कशावर चालतं याचा इतका विचार केलेली मुलं मला पत्रांतून क्वचितच भेटतात. अशा मुलाला तुम्ही सांगताय की ज्या कामावर घर उभं राहिलं ते लाज वाटण्यासारखं आहे. तो यातून काय शिकेल? एकतर तुमच्या कामाची लाज धरेल किंवा तुमच्याशी बोलणं कमी करेल. आणि या धमकीत तुम्ही तुमच्याकडच्या चार माणसांचे पगारही पणाला लावताय.

तुम्ही उन्हात उभे राहिलात, गेटवर ताटकळलात, ते मुलाच्या वाट्याला येऊ नये असं वाटणं अगदी रास्त आहे. पण ‘लोक’ म्हणजे कोण, हे एकदा स्वतःला विचारा. तुमच्या १४ सोसायट्यांचे सेक्रेटरी तुमच्या मुलाकडे पदवी मागत नाहीत. ते विचारतात, पावसात इमारतीच्या मागच्या बाजूला पाणी का साचतं आणि दोनदा लावलेली लॉन का जळते. याचं उत्तर ज्याच्याकडे आहे त्याच्याशी लोक खुर्ची देऊन बोलतात.

आता तुमच्या योजनेबद्दल. बी.आर्क.ला बारावीत गणित लागतं. तुमच्या मुलाकडे जीवशास्त्र गट आहे. गणित घेतलं नसेल तर वर्षभर थांबूनही तो प्रवेशाला पात्र ठरत नाही. आधी गणिताची परीक्षा वेगळी द्यावी लागेल, मग नाटा ही प्रवेश परीक्षा, मग पाच वर्षांची पदवी, आणि लँडस्केपचं शिक्षण साधारणपणे त्यानंतर दोन वर्षांच्या एम.आर्क.मध्ये. कर्जाचा विचार करण्याआधी एवढं तरी तपासायला हवं होतं. आणि या सात-आठ वर्षांत मुलाला काय करायचंय, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही.

‘पदवीशिवाय ही कामं करताच येत नाहीत’ हा मोठा गैरसमज आहे. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याने ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी राखीव केली आहे. नोंदणी नसताना कार्डावर नुसतं ‘आर्किटेक्ट’ असं छापणं चूक. पण तो कायदा उपाधीपुरता आहे, काम करण्यावर बंदी घालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. बाग उभी करणारा कंत्राटदार म्हणून काम करायला ही पदवी लागत नाही. मोठ्या प्रकल्पात आर्किटेक्ट आराखडा काढतो आणि तुमच्यासारखा कंत्राटदार तो जमिनीवर उतरवतो; आणि चांगला कंत्राटदार मिळणं ही त्यांचीही रोजची अडचण असते. या गैरसमजाची दुसरी बाजू अशी की लँडस्केपिंग म्हणजे नर्सरीतून महागडी झाडं आणून छान मांडणं. झाडं हा त्यातला शेवटचा आणि सोपा भाग. आधी येतात उतार, निचरा, माती आणि पाण्याची लाईन. पैसे बुडतात ते इथे.

मातीचंच बघा. १,००० चौरस फूट लॉनला सहा इंच माती म्हणजे ५०० घनफूट, पाच ब्रास. पण माती पाणी पिऊन १५ ते २० टक्के बसते. पाच ब्रास धरून कोटेशन दिलं तर महिनाभरात खड्डे दिसतात आणि सहावा ब्रास तुमच्या खिशातून जातो. ट्रकवाल्याच्या तोंडी ब्रासवर विसंबू नका. ट्रकच्या हौद्याची लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजा, गुणाकाराला १०० ने भागा. स्वस्त लाल मातीतून लव्हाळ्याच्या गाठी आल्या तर ती लॉन पुढे वर्षानुवर्षं खुरपत बसावी लागते, म्हणून माती भरण्याआधी ज्या शेतातून ती येते ते जाऊन पाहा. इमारतीपासून दूर दर दहा फुटांना दोन इंच उतार हवा, आणि तो लेव्हल पाईपने, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने, तपासायचा. नजरेला सपाट वाटणारी जमीन हमखास फसवते.

पाण्याचं तसंच. स्प्रिंकलर विकत घेण्याआधी २० लिटरची बादली नळाखाली धरून वेळ मोजा. ३० सेकंदांत भरली तर मिनिटाला ४० लिटर मिळतात. पंधरा फूट फेकणारा पूर्ण गोलाचा पॉप-अप (जमिनीतून वर येणारा स्प्रिंकलर) मिनिटाला साधारण १४ लिटर घेतो, म्हणजे एका व्हॉल्व्हवर असे दोनच नीट चालतील. नवखा माणूस सहा लावतो, दाब पडतो, मधे मधे पिवळे गोल उमटतात आणि दोष गवतावर जातो. सोसायटीत एसटीपीचं, म्हणजे शुद्ध केलेलं सांडपाणी, वापरत असतील तर झुडपांच्या वाफ्यांना ठिबक करा, १२० मेशचा डिस्क फिल्टर लावा आणि लॅटरलची (ठिबकच्या नळ्यांची) टोकं आठवड्याला उघडून पाणी सोडा. नाहीतर काही महिन्यांत ड्रिपर बुजतात.

इथपर्यंत वाचून मुलगा खूश झाला असेल. त्यालाही स्पष्टच सांगतो : ते सहा लाखांचं पोडियमचं काम पहिलं काम म्हणून घेऊ नकोस. पोडियम म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवरची बाग. ३० सेंटिमीटर ओल्या मातीचं वजन चौरस मीटरला ५०० किलोच्या वर जातं. साध्या वापरत्या गच्चीला भारतीय मानकात धरलेला भार १५० किलोच्या आसपास असतो. पोडियम जास्त भारासाठी बांधलेलं असतं, पण किती, ते फक्त स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या नकाशावर कळतं. वॉटरप्रूफिंगवर ड्रेन सेल (निचऱ्यासाठीचे पोकळ प्लॅस्टिकचे साचे), त्यावर जिओ टेक्स्टाईल हे गाळणीचं कापड, मग हलकी केलेली माती असा थर असतो. कापड कडेला भिंतीवर वर चढवलं नाही तर बारीक माती खाली उतरते, निचऱ्याची तोंडं बंद होतात, पाणी तुंबतं आणि खालच्या गाड्यांवर गळतं. वॉटरप्रूफिंग मुळातच खराब असलं तरी शेवटचा हात तुमचा, म्हणून बिल अडतं ते तुमचंच. सहा लाखांच्या कामात असं झालं तर १४ सोसायट्यांची वर्षाची कमाई त्यात जाईल.

सुरुवात तुमच्याच १४ सोसायट्यांमधून करा. प्रत्येक ठिकाणी एखादा पट्टा असा असतोच जिथे इमारतीच्या सावलीत लॉन टिकत नाही. सिलेक्शन नंबर वन या जातीच्या लॉनला दिवसभर ऊन लागतं, सावलीत ती विरळ होत जाते आणि तुम्ही दर महिन्याला माती कापत राहता. तिथली लॉन काढून सावलीत तगणाऱ्या झुडपांचा वाफा, कडेला कर्ब (काँक्रीटची कड) आणि ठिबक, हे पहिलं काम. दुसरं, पाणी साचणाऱ्या लॉनचा उतार दुरुस्त करणं. तिसरं, पायवाट. माणसांच्या वाटेला ६० मिलिमीटर जाडीचे पेव्हर (फरशीचे ब्लॉक) चालतात, गाडी जाणार असेल तर ८०. काळ्या मातीवर थेट पेव्हर टाकले तर पहिल्या पावसातच वर-खाली होतात. काळी माती फूटभर तरी काढून मुरूम थरांनी ठोकून घ्या, वर खडीचा थर आणि दीड इंचापेक्षा जाड नसलेली क्रश सँड. कडा कर्बने बांधल्या नाहीत तर ब्लॉक बाहेर सरकतात. पेव्हरसाठी गवंडी रोजंदारीवर घ्या, तुमच्या माळ्यांना त्यात ढकलू नका.

शिवाय थंडीत लॉनची वाढ मंदावते आणि मशीन बसून राहतं. फरशी, कर्ब, पाईपलाईन ही कामं नोव्हेंबर ते मे उरकायची आणि लागवड पावसाच्या तोंडावर, असं वर्ष लावलं तर माणसं रिकामी राहत नाहीत. महिन्याची देखभालीची कंत्राटं मात्र सोडू नका. लँडस्केपिंगचे पैसे टप्प्याटप्प्याने आणि बहुतेकदा उशिरा येतात. पगार मात्र महिन्यालाच द्यायचे असतात. करारात ४० टक्के साहित्याआधी, ३० टक्के पाईपलाईनची चाचणी झाल्यावर, २५ टक्के लागवडीनंतर आणि ५ टक्के तीन महिन्यांनी, असं लिहून घ्या. झाडांची हमी द्यायचीच तर देखभाल तुमच्याकडे असेल तेवढ्याच काळाची द्या. कामगारांचा अपघात विमा काढा. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते, तेव्हा पहिल्या मोठ्या बिलाआधी सीएला भेटा. ‘हे झाड पण काढून टाका’ असं कुणी सहज म्हणालं तर वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय हात लावू नका. १९७५ चा वृक्ष जतन कायदा शहरात लागू आहे.

आता शिक्षण. मुलाने सीईटी दिली आहे का, हे तुम्ही लिहिलं नाही. दिली असेल आणि गुण पुरत असतील तर उद्यानविद्येची चार वर्षांची बी.एस्सी. त्याच्यासाठी उत्तम, राहुरी, दापोली, अकोला, परभणी या चारही कृषी विद्यापीठांकडे तो मार्ग आहे आणि पुढे पुष्पशास्त्र व लँडस्केपिंगमध्ये एम.एस्सी.ही करता येते. सीईटी दिली नसेल तर घरी बसवून वर्ष घालवू नका. आयटीआयचा फ्लोरिकल्चर आणि लँडस्केपिंगचा एक वर्षाचा ट्रेड कुठे चालतो ते बघा, जोडीला नकाशे काढायचं ऑटोकॅड शिकवा आणि याच वर्षात पुढची सीईटी होऊ द्या. वर्षभर मोजमाप, कोटेशन आणि हिशेबाची वही त्याच्याकडे द्या. पगार ठरवून द्या, हातखर्च म्हणून नको. कॉलेजला जायचं की नाही हा निर्णय त्यालाच घेऊ द्या, आणि धंदा बंद करण्याची भाषा मागे घेतली हे त्याला स्वतःच्या तोंडाने सांगा.

पोडियमच्या सोसायटीला अजून उत्तर दिलं नसेल तर या आठवड्यात दोघांनी मिळून सेक्रेटरींकडे तीन गोष्टी मागा : स्लॅबच्या भारक्षमतेचं स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र, वॉटरप्रूफिंग कधी आणि कुणी केलं त्याचा कागद, आणि जुनी माती काढल्यावर ४८ तास पाणी भरून चाचणी घ्यायची लेखी तयारी. तिन्ही मिळाले तरी निचऱ्यापर्यंतचं काम अनुभवी कंत्राटदाराला द्यायला सांगा, तुम्ही फक्त माती, ठिबक आणि लागवड घ्या आणि मुलाला त्या माणसाच्या बाजूला उभं राहून प्रत्येक थर पाहू द्या. कागद मिळाले नाहीत तर पोडियमला नम्रपणे नकार द्या आणि त्याच सोसायटीत जमिनीवरच्या सावलीतल्या पट्ट्याचं कोटेशन द्या.