रस्त्यावर अनोळखी माणसांचे फोटो काढताना हात थरथरतो, लांबून काढले तर निर्जीव येतात. काय करावं?

झूम लेन्स काही दिवस कपाटात ठेवा. बाकीचं सगळं त्यानंतर.

तुम्ही लिहिलंय की मिररलेस कॅमेरा घेऊन सहा महिने झाले, दर रविवारी लक्ष्मी रोडला जाता, समोरच्या फुटपाथवरून २०० मिमीला, म्हणजे लांबचं जवळ ओढून, माणसं टिपता आणि घरी येऊन पाहिलं की एकाही फोटोत जीव नसतो. जवळ जावं म्हटलं तर हात थरथरतो. शिवाय प्रेरणा कुठून आणायची, हेही विचारलंय. मी नोकरी सांभाळून पंधरा वर्षं पुण्याच्या पेठांतून फोटो काढत फिरतोय. तुम्ही आज जिथे अडकलाय, तिथेच मी दीड वर्ष अडकलो होतो.

माझ्याकडे तेव्हा ७०-३०० मिमीची झूम लेन्स होती. मंडईच्या बाहेर रस्त्याच्या कडेला एक आजी गोणपाटावर लिंबं, मिरच्या आणि आल्याचे वाटे मांडून बसायच्या. मी रस्त्यापलीकडे, उभ्या टेम्पोच्या आडून नेम धरला. पाच-सात मिनिटं तशीच गेली. मग त्यांनी मान वर केली, थेट लेन्समध्ये बघितलं आणि पदर ओढून तोंड झाकून घेतलं. तोवर माझं बटण दाबलं गेलं होतं. तो फोटो मी जपून ठेवलाय. पदराची कड चिमटीत धरलेली तीन बोटं, हिरव्या काचेच्या दोन बांगड्या, आणि बाकी सगळा रंगांचा लगदा. आजींना काही कळणार नाही, असं मी धरून चाललो होतो. पण रस्त्यावर बसून पोट भरणाऱ्या माणसाला आपल्याकडे कोण किती वेळ बघतंय, ते बरोबर कळतं. त्या फोटोत मला आजी कमी आणि माझं लपणं जास्त दिसतं. त्या दिवशी लाज वाटली, आणि वाटली हे बरं झालं.

तुमचे फोटो निर्जीव येतात त्याचं एक साधं कारण लेन्समध्येही आहे. २०० मिमीला चेहरा मिळतो, पण त्याच्या मागचं-पुढचं सगळं पुसलं जातं. गिऱ्हाइकाचा पुढे आलेला हात, मागची दुकानाची पाटी, शेजारच्या गाडीवरचा दिवा, यातलं काही उरत नाही. रस्ताच गेला तर रस्त्यावरचा फोटो कुठून येणार?

मी २८ मिमीची साधी प्राइम, म्हणजे झूम न होणारी, रुंद कोनाची लेन्स घेतली आणि ऑटोफोकस बंद केला. लेन्सचं छिद्र एफ ८, फोकस हाताने अडीच मीटरवर, शटर १/५०० सेकंद, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील, ते माप) ऑटो. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर या मापात साधारण दीड मीटरपासून दहा मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. क्रॉप, म्हणजे लहान सेन्सर असेल तर १८ मिमी लावा, कोन जवळजवळ तोच मिळतो आणि स्पष्टतेची खोली आणखी वाढते. एकदा हे लावलं की कॅमेऱ्याकडे बघायचं कारणच राहत नाही.

मात्र अडीच मीटर म्हणजे किती, हे अंगात भिनायला हवं. मी ते शहाबादी फरशीवर शिकलो. आमच्या जुन्या वाड्याच्या ओसरीवर दोन फुटी फरशी होती. चार फरश्या म्हणजे आठ फूट, अडीच मीटरला जेमतेम दोन-अडीच इंच कमी. रोज संध्याकाळी भाच्याला कुठेतरी उभा करायचो, अंतर तोंडाने सांगायचो आणि मग फरश्या मोजायचो. पहिल्या आठवड्यात सतत चुकत होतो. तिसऱ्या आठवड्यात रस्त्यावरून चालताना समोरचा माणूस ‘चार फरश्यांवर’ आला की पाय आपोआप थबकायला लागले. हात थरथरतो तो निम्मा भीतीने आणि निम्मा गोंधळाने: फोकस लागेल का, उजेड पुरेल का, तेवढ्यात तो बघेल का. गोंधळ गेला की उरलेली भीती झेपते.

उरलेल्या भीतीवर एकच उपाय मला सापडला. कॅमेरा लपवायचा नाही. गळ्यात, छातीवर, सगळ्यांना दिसेल असा ठेवायचा. एकाच जागी तास-तास राहायचं. आधी काहीतरी विकत घ्यायचं, दोन शब्द बोलायचे. कधी आधी विचारतो, “मावशी, काढू का एक?” कधी घडतंय ते मोडू नये म्हणून आधी काढतो आणि लगेच जाऊन दाखवतो. “पेपरात देणार का?” हा प्रश्न दहापैकी पाच वेळा येतो. खरं काय ते सांगायचं. कुणी नको म्हटलं तर समोरच पुसून टाकायचा, वाद घालायचा नाही. झोपलेली माणसं, दारूच्या अमलात असलेली माणसं आणि भीक मागणारे हात मी काढत नाही. हे माझे नियम आहेत, तुमचे तुम्ही ठरवा, पण घरून निघण्याआधी ठरवा. रस्त्यावर ठरवायला गेलात तर मोह जिंकतो.

आता मंडईतलाच एक फोटो सांगतो, कारण थांबणं म्हणजे काय ते मला त्यानेच शिकवलं. १८८६ साली उघडलेली ती दगडी इमारत तुम्ही पाहिली असेलच, मधोमध अष्टकोनी मनोरा असलेली. आत गाळेवाले उंच ओट्यावर बसतात आणि भाजीचे ढीग पायऱ्यांसारखे खाली उतरत येतात. हिवाळ्यात सकाळी वरच्या झरोक्यातून उन्हाचा एक अरुंद पट्टा आत येतो. एका रविवारी त्या पट्ट्यात कुणीतरी कांद्याचं पोतं रिकामं केलं आणि साली उडाल्या. एकेक साल आतून पेटल्यासारखी गुलाबी. मी घाईने फोटो काढला आणि हातात काही आलं नाही, कारण कॅमेऱ्याने उजेडाचं माप भोवतीच्या अंधारावरून धरलं आणि उन्हाचा पट्टा पांढराफटक जळून गेला.

पुढचे चार रविवार तिथेच उभा राहिलो. माप उन्हाच्या पट्ट्यावर घेतलं: एफ ८, १/५००, आयएसओ ४००, सगळं मॅन्युअल. बाकीचं अंधारात जाईना का. दुसऱ्या रविवारी गाळेवाले काका म्हणाले, “काय ओ, नुसतेच उभे राहताय, कांदे घ्यायचेत का?” दोन किलो घेतले आणि कशासाठी थांबलोय ते सांगितलं. तिसऱ्या रविवारी आभाळ होतं. चौथ्या रविवारी काकांनी स्वतःच हाक मारली, “या, आता सोडतोय पोतं!” काही मित्र म्हणतात की हा मग घडवून आणलेला फोटो झाला. मला तसं वाटत नाही. पोतं ते रिकामं करणारच होते, मी फक्त त्यांच्या सकाळीत सामील झालो होतो. पण त्या फोटोत डाव्या कोपऱ्यात आईचा हात धरलेली एक लहान मुलगी आहे. मोकळा हात पुढे करून ती साल पकडायला बघतेय. बटण दाबताना ती मला दिसलीच नव्हती. २०० मिमीवर ती चौकटीत आलीच नसती.

प्रेरणेचं म्हणाल, तर मी थोडेच फोटो घेतो आणि महिनोन्‌महिने बघतो. छायाचित्रकार रघु राय यांचा १९९५ सालचा मुंबईच्या चर्चगेट स्टेशनचा फोटो मिळवून बघा. शटर मुद्दाम संथ ठेवलंय, त्यामुळे गर्दी धुरासारखी वाहून जाते आणि पेपर वाचत बसलेली माणसं तेवढी ठळक उरतात. मी १/५०० ला चिकटून बसलो होतो. तो फोटो बघितल्यावर भिंतीला टेकून १/८ सेकंदाला काढायला शिकलो. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँचा डबक्यावरून उडी मारणारा माणूस, १९३२ सालचा, सगळ्यांना माहीत असतो. पण तो त्याने कुंपणाच्या फळ्यांतल्या फटीतून काढला होता आणि फळीचा भाग आला म्हणून कडेला कापावाही लागला होता. कापणं म्हणजे पाप, असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर हे आठवा.

आणि आपले छायाचित्रकार सुधारक ओलवे. मुंबईच्या सफाई कामगारांवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते फोटो बघताना फोटो काढणारा माणूस कुठे उभा असेल, याचा अंदाज करा. मी अजून करतो. जवळजवळ प्रत्येक वेळी उत्तर माझ्या चार फरश्यांच्या आतलं येतं.

घरी आल्यावर कार्ड लगेच रिकामं करा, पण फोटो आठवडाभर बघू नका. काढतानाचा आनंद ताजा असतो तोवर वाईट फोटोही चांगला वाटतो. रस्त्यावर तर स्क्रीन बंदच ठेवा. खाली मान घालून आधीचा फोटो बघत असताना पुढचे दोन गेलेले असतात.

डिसेंबरात मंडईत आलात तर कांद्याच्या गाळ्यांकडे या. तो पट्टा साडेनऊच्या सुमारास उतरतो आणि वीसेक मिनिटांत सरकून जातो. सुट्टे पैसे जवळ ठेवा.