घाना: सोनं, कोको, तेल सगळं असून पैसा का टिकत नाही

ताई, तुम्ही विचारलंय की पश्चिम आफ्रिकेतल्या घानाची ग्रोथ चांगली दिसते, सोनं आहे, कोको आहे, तेल आहे, मग २०२२ ला त्यांनी परदेशी कर्जाचे हप्ते का थांबवले आणि आता पुतण्याला तिथल्या तेमा शहरात नोकरी मिळतीये तर पाठवावं का. मी तिकडे काही वर्षं काम केलंय, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

माझ्या मते घानाला ग्रोथ कधीच कमी पडली नाही, त्यांना बाधली ती उचल. म्हणजे पीक घरात यायच्या आधीच त्याच्या जिवावर पैसे घ्यायचे आणि पुढच्या वर्षी ते फेडायला परत नवीन उचल. आपल्या ऊसतोडवाल्यांचं होतं ना, तसंच, फक्त इथे अख्खा देश आहे.

तेलाचंच बघा. २००७ ला देशाच्या पश्चिम भागाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात जुबिली नावाचं तेलक्षेत्र सापडलं, २०१० च्या डिसेंबरात तेल निघायला लागलं आणि २०११ ला ग्रोथ १४ टक्क्यांच्या आसपास गेली. पण तेलाचा पैसा तिजोरीत नीट यायच्या आधीच सरकारी पगाराची नवी रचना लागू झाली, पगारखर्च सुटला, २०१२ ला निवडणूक होती त्यामुळे तूट, म्हणजे उत्पन्नापेक्षा जास्त झालेला सरकारी खर्च, अजून फुगली, आणि २०१५ ला आयएमएफकडे, म्हणजे अडचणीतल्या देशांना कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे, जावं लागलं. तिथे दर चार वर्षांनी निवडणूक असते, दोन मोठे पक्ष, एनडीसी आणि एनपीपी, आणि आलटून पालटून दोघंही निवडणुकीच्या वर्षात हात सैल सोडतात. २०१८ ला तूट जीडीपीच्या ५ टक्क्यांवर जाऊ द्यायची नाही असा कायदा केला, २०२० ला कोविड आला आणि तो बाजूला ठेवला, त्याच वर्षी निवडणूकही होती.

विजेचं तर फार वाईट झालं. २०१२ ते २०१६ दरम्यान लोडशेडिंग इतकं की लोकांनी त्याला 'डुमसोर' नावच पाडलं. मग सरकारने घाईघाईत खासगी वीज कंपन्यांशी करार केले, वीज वापरा नाहीतर नका वापरू, पैसे द्यायचेच, ते पण डॉलरच्या हिशोबात. वीज गरजेपेक्षा जास्त झाली आणि २०१९ ला अर्थमंत्र्यांनीच संसदेत सांगितलं की न लागणाऱ्या विजेच्या क्षमतेसाठी वर्षाला ५० कोटी डॉलरच्या वर जातायत. ह्या पैशात किती शाळा आणि किती दवाखाने झाले असते, मला अजून ते आठवलं की चीड येते.

कोकोची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. तिथे कोकोचा भाव कोकोबॉड हे सरकारी मंडळ ठरवतं. हे मंडळ वर्षानुवर्षं सीझनच्या आधी परदेशी बँकांकडून कर्ज काढायचं आणि बराचसा माल आधीच्या भावाने आगाऊ विकून ठेवायचं. भाव पडला तर शेतकरी वाचतो, हा त्यामागचा विचार चांगलाच होता. पण २०२४ ला जगात भाव टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला आणि घानाचा माल जुन्या स्वस्त सौद्यांत अडकलेला. शेतकऱ्याला तो भाव मिळालाच नाही, मग माल रात्रीतून सीमेपलीकडे टोगो आणि आयव्हरी कोस्टला जायला लागला. त्यात झाडांवर स्वोलन शूट नावाचा व्हायरस, आणि 'गलामसे' म्हणजे बेकायदा सोन्याची खोदाई, कोकोच्या बागाच्या बागा खणून टाकल्या, प्रा आणि ऑफिन नद्यांचं पाणी चहासारखं गढूळ झालंय, पारा मिसळतो तो वेगळाच. २०२०-२१ ला १० लाख टनांवर असलेलं पीक तीन वर्षांत जेमतेम निम्म्यावर आलं. शेतकऱ्याला भाव नाही दिला तर तो जमीन खाणवाल्याला देणार, त्याला मी तरी दोष देणार नाही.

ह्या सगळ्यात टॅक्स जीडीपीच्या १३-१४ टक्केच गोळा होतो, आणि २०२२ पर्यंत सरकारच्या उत्पन्नातला निम्म्याच्या जवळपास पैसा नुसता व्याजात जायचा. मोबाइल मनीवर, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवण्यावर, १.५ टक्के ई-लेव्ही नावाचा कर लावला तर लोक परत रोखीकडे वळले. डिसेंबर २०२२ ला महागाई ५४ टक्के, हप्ते बंद, आणि मे २०२३ ला आयएमएफचे ३ अब्ज डॉलर, हा घानाचा आयएमएफबरोबरचा १७ वा कार्यक्रम. देशातल्या ज्या लोकांनी सरकारचे बाँड म्हणजे कर्जरोखे घेतले होते, त्यांनाही जुन्याच्या बदल्यात कमी व्याजाचे, लांब मुदतीचे बाँड घ्यायला सांगितलं. तेव्हा पेन्शनर म्हातारी माणसं अर्थखात्यासमोर बोर्ड घेऊन उभी राहिली, त्यांच्यात माजी सरन्यायाधीश सोफिया अकुफो पण होत्या. शेवटी पेन्शनरांना त्यातून वगळलं.

आता परिस्थिती बरीच सुधारलीये. २०२४ ला परदेशी बाँडची फेररचना झाली, म्हणजे ते फेडायच्या अटी नव्याने ठरल्या, जानेवारी २०२५ ला एनडीसीचे जॉन महामा परत अध्यक्ष झाले, ई-लेव्ही रद्द झाली, छोट्या खाणींचं सोनं विकत घ्यायला गोल्डबॉड हे सरकारी मंडळ आलं, महागाई २०२५ च्या सप्टेंबरात एक आकडी झाली. पण ह्यात सोन्याच्या चढ्या भावाचा वाटा फार मोठा आहे. हा पैसा कोकोची झाडं बदलायला आणि वीज कंपन्यांची थकबाकी मिटवायला लावला तर मी मानेन की काही बदललं, २०२८ च्या निवडणुकीत उधळला तर परत तेच.

पुतण्याला जरूर पाठवा, माणसं फार प्रेमळ आहेत, तेमाला बंदर आणि कारखाने असल्यामुळे कामही शिकायला मिळतं. फक्त पगार डॉलरमध्ये ठरलाय का सेडीत, म्हणजे तिथल्या चलनात, आणि सेडीत असेल तर कुठल्या दराने, हे करारात लिहून घ्यायला सांगा, कारण २०२२ ला सेडीची किंमत नोव्हेंबरपर्यंत निम्म्यावर आली होती आणि २०२५ ला डॉलर १५ सेडींवरून १० च्या आसपास उतरला, म्हणजे दोन्हीकडून मार बसू शकतो. बचत तिथे ठेवायचीच असेल तर ९१ दिवसांची ट्रेझरी बिलं, म्हणजे सरकारचे थोड्या मुदतीचे कर्जरोखे, बघा, त्या बाँड बदलाबदलीत त्यांना हात लावला नव्हता, लांब मुदतीचे बाँड सध्या तरी नकोत.