सहा लाख घ्या, पण त्या कागदावर सही नको

प्रश्न असा आहे. अंबड तालुक्यातलं एक कुटुंब वाळूजजवळ रांजणगाव शेणपुंजीला राहतं. पत्र पत्नीने लिहिलंय. यजमानांचं वय ५२. ॲस्बेस्टॉस (तंतुमय खनिज) वापरून ब्रेक लायनिंग बनवणाऱ्या कारखान्यात २२ वर्षं नोकरी, त्यातली पहिली १४ वर्षं ग्राइंडिंग आणि ड्रिलिंग खात्यात. ऑगस्ट २०२५मध्ये उजव्या फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. तेव्हापासून ते रजेवर आहेत, नाव मात्र अजून हजेरीपटावर आहे. एकूण पगार ₹२६,०००, त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून ₹१७,०००. ईएसआयची (कामगारांच्या सरकारी विम्याची) कपात २०१९पासून बंद. कंपनीने उपचारासाठी ₹१,८०,००० दिलेत. आता कंपनी म्हणते, राजीनामा द्या, सहा लाख घ्या (आधीचे एक लाख ऐंशी हजार वजा करून) आणि ‘ग्रॅच्युइटीसह सर्व येणी मिळाली, यापुढे कोणतीही मागणी उरली नाही’ या कागदावर दोघांनी सही करा. सावकाराचे दीड लाख आहेत, महिना तीन टक्क्यांनी. सही करावी, की अडीच एकर कोरडवाहू विकून खटला लढवावा?

ताई, दोन्ही नको. आधी ते सहा लाख खरे किती आहेत, ते बघू.

ग्रॅच्युइटी हा तुमच्या यजमानांचा स्वतंत्र हक्क आहे, ती आजारापोटी मिळणारी भरपाई नाही. १७,००० गुणिले १५, भागिले २६, गुणिले २२ वर्षं, म्हणजे ₹२,१५,७६९. ही रक्कम राजीनामा दिला तरी मिळणारच आहे. उपचाराचे १,८०,००० कंपनी कापणार म्हणते. पण कर्मचारी भरपाई कायद्यात (कामगार ज्याला अजून ‘वर्कमेन कॉम्पेन्सेशन’ म्हणतात तोच) स्पष्ट म्हटलंय की उपचारासाठी दिलेला पैसा भरपाई म्हणून मोजायचा नाही. उलट कामामुळे झालेल्या आजाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने भरून द्यायचा असतो. म्हणजे सहा लाखांतून हे दोन्ही काढले की भरपाई म्हणून हातात उरतात ₹२,०४,२३१. कंपनीचा खरा प्रस्ताव एवढाच आहे.

आता दुसऱ्या पारड्यात काय आहे? निदान ऑगस्ट २०२५चं असल्याने १९२३चा जुना कायदा लागू धरायचा. २१ नोव्हेंबर २०२५पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली असली, तरी हिशेबाचा सांगाडा तोच आहे. पगार कितीही असला तरी हिशेबाला महिना ₹१५,०००च धरतात, ही मर्यादा जानेवारी २०२०पासूनची. वय ५२साठीचा गुणक १४६.२०. कायमचं संपूर्ण अपंगत्व ठरलं तर पगाराच्या ६० टक्के, म्हणजे ९,००० गुणिले १४६.२०, बरोबर ₹१३,१५,८००. डॉक्टरांनी कमाईची क्षमता साठ टक्केच गेली असं लिहिलं, तर ₹७,८९,४८०. आणि याच आजाराने मृत्यू ओढवला तर वारसांना पगाराच्या निम्मे, म्हणजे ७,५०० गुणिले १४६.२०, एकूण ₹१०,९६,५००.

मग तुलना सोपी होते. दोन लाख चार हजार हातात घेऊन तेरा लाखांवर पाणी सोडायचं असेल, तर दावा जिंकण्याची शक्यता शंभरात सोळापेक्षा कमी असायला हवी. साठ टक्के अपंगत्व धरलं तरी शंभरात सव्वीस. तुमच्या कागदांवरून शक्यता त्याहून बरीच जास्त दिसते. याचं कारण कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात आहे. तिथे ‘ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कॅन्सर’ व्यवसायजन्य आजार म्हणून नावानिशी नोंदलेला आहे. अशा कामावर एकाच मालकाकडे सलग सहा महिने काम केलेल्या कामगाराला तो झाला, तर कामामुळे झाला असंच गृहीत धरतात. तसं नाही हे दाखवण्याचं ओझं मालकावर.

यजमान बिडी ओढत, हा मुद्दा कंपनी काढणारच. घाबरू नका, पण लपवूही नका. डॉक्टरांच्या जुन्या कागदांत ती नोंद असतेच आणि लपवलेलं उघडं पडलं की बाकीच्या साक्षीवरचाही विश्वास उडतो. वैद्यकशास्त्र असं सांगतं की ॲस्बेस्टॉस आणि धूम्रपान एकत्र आले की धोका नुसता वाढत नाही, एकमेकांना गुणला जातो. धुळीशी पहिला संबंध आल्यापासून कॅन्सर दिसेपर्यंत वीस-तीस वर्षं जाणंही नेहमीचं. तुमच्या यजमानांचा काळ यात बसतो. शिवाय सीटी स्कॅनच्या अहवालात ‘प्ल्युरल प्लाक’ लिहिलंय असं तुम्ही कळवलंय. फुप्फुसाच्या आवरणावरचे हे चट्टे बिडीने होत नाहीत. ती ओळ तुमच्या दाव्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. स्कॅनची फिल्म पुरेशी नाही, सीडी मागून घ्या. बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड जपून ठेवाव्यात असा लेखी अर्ज रुग्णालयाला द्या, काही वर्षांनी त्या टाकून दिल्या जातात.

आता राजीनामा. माझ्या मते त्या कागदावरची सर्वांत महागडी ओळ तीच आहे. नाव पटावर असताना मृत्यू झाला तर पीएफच्या विमा योजनेतून कुटुंबाला कमाल सात लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. राजीनाम्यानंतर तो हक्क जातो. पेन्शन योजनेतली संपूर्ण अपंगत्वाची पेन्शनसुद्धा नोकरीत असताना अपंगत्व आलं तरच मिळते. यजमान बिनपगारी रजेवर असतील तर पीएफचा शेवटचा हिस्सा कोणत्या महिन्यात जमा झाला ते पासबुकावर आजच बघा. हिस्सा थांबून सहा महिने उलटण्याआधी पीएफ कार्यालयात जाऊन विम्याची स्थिती विचारा.

आणि दावा लावण्याची मुदत. व्यवसायजन्य आजारात, आजारामुळे सलग गैरहजेरी सुरू झाली तो पहिला दिवस ‘अपघाताचा दिवस’ मानतात. तिथून दोन वर्षं. तुमच्यासाठी ती ऑगस्ट २०२७मध्ये संपते. योग्य कारण असलं तर आयुक्त (भरपाईचे हे दावे ऐकून निकाल देणारे अधिकारी) उशीर माफ करू शकतात, पण त्या भरवशावर राहू नये. हे वाचणाऱ्या इतर कुटुंबांसाठी एक कडू गोष्ट इथेच सांगतो. नोकरी सोडल्यावर दोन वर्षांच्या आत लक्षणं दिसली तरच कायदा सरळ मदत करतो. कॅन्सर दिसायला पंचवीस वर्षं आणि कायद्याची खिडकी दोन वर्षांची! नोकरी सोडून दहा वर्षं झालेल्या कामगाराने मला हाच प्रश्न विचारला असता, तर दोन लाख पदरात पाडून घ्या असं मी कदाचित म्हटलं असतं. तुमचं तसं नाही. म्हणूनही राजीनामा नको.

त्या कागदावर सही केलीच तर काय होईल? कायद्याप्रमाणे भरपाईचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल ठरतो. एकरकमी भरपाईचा समझोता आयुक्तांकडे नोंदवावा लागतो आणि रक्कम अपुरी वाटली तर ते नोंदणी नाकारू शकतात. नोंदवलाच नाही, तर मालक पूर्ण रकमेला बांधील राहतो आणि दिलेल्या पैशातला साधारणपणे निम्म्याहून जास्त भाग वजा करू शकत नाही. म्हणजे सहीने सगळं संपतं असं नाही. पण मग वर्षभर भांडण त्या सहीवरच चालतं, आजारावर नाही. आणि राजीनामा मात्र खरा ठरतो.

कायद्यात एक तरतूद आहे जी कामगारांना सहसा कुणी सांगत नाही. मालकाला पूर्ण जबाबदारी मान्य नसेल, तर जेवढी मान्य आहे तेवढी रक्कम त्याने तात्पुरती म्हणून लगेच द्यायची किंवा आयुक्तांकडे भरायची. त्याने कामगाराचा पुढचा हक्क जात नाही. म्हणून कंपनीला लिहा: प्रस्तावित रक्कम तात्पुरती भरपाई म्हणून बँकेत जमा करा, ग्रॅच्युइटी वेगळी, राजीनामा नाही. पैसे आले तर पोच देताना ‘उर्वरित हक्क राखून, अंशतः स्वीकार’ हे शब्द पावतीवर हवेतच. कंपनी नकार देईल अशी शक्यता जास्त. दिला तरी तो लेखी नकार तुमच्या उपयोगाचा. वाद उभा राहिला आणि आपसात मिटला नाही हे दाखवल्याशिवाय कामगाराचा अर्ज आयुक्तांपुढे चालत नाही.

त्यासाठी आधी नोटीस. साध्या मराठीत एक पान पुरे: नाव, टोकन नंबर, कोणत्या खात्यात कधीपासून कधीपर्यंत, कामात ॲस्बेस्टॉसची धूळ कुठून उडायची (तंतू आणि रेझिन मिसळताना, साच्यातून निघालेली लायनिंग घासताना, भोकं पाडताना), निदानाची तारीख, रजेचा पहिला दिवस, मागणी. स्पीड पोस्टने, पोचपावतीसह. नोटीस मिळाल्यावर कंपनीने तीन दिवसांत स्वतःच्या डॉक्टरकडून फुकट तपासणी करायची म्हटली तर जा. नकार दिला तर तेवढा काळ हक्क स्थगित होतो.

सोबत कंपनीकडे आरोग्य तपासणीच्या नोंदी मागा. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षं, यांतलं जे उशिराचं असेल तोवर ठेवायच्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९५चा आदेश आहे. ‘जुनं रेकॉर्ड नाही’ हे उत्तर म्हणूनच कंपनीला महागात पडतं. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे माहितीच्या अधिकारात त्या कारखान्याचे तपासणी अहवाल मागा. खातं बदलल्याचे आदेश, जुन्या पगारपावत्या, ईएसआयचं जुनं कार्ड, त्याच खात्यातल्या दोन सहकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं हे सगळं जमवा. दावे पडतात ते बहुधा आजारावर नाही, तर ‘हा माणूस त्या खात्यात होता’ हे न दाखवता आल्यामुळे.

ईएसआयचा फाटाही आधीच बंद करून टाका. विमाधारक कामगाराला मालकाकडून ही भरपाई मागता येत नाही, त्याला ईएसआय महामंडळाकडून मिळते. पगार २१,०००च्या वर गेल्याने तुमची कपात थांबली, त्यामुळे निदानाच्या वेळी ते विमाधारक नव्हते. तरीही धूळ खाल्ली ती वर्षं विम्याची होती, असा वाद कंपनीचा वकील घालू शकतो. शाखा कार्यालयात लेखी अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या. ज्यांची कपात अजून चालू आहे त्यांनी मात्र महामंडळाकडेच जावं. तिथे अपंगत्व पूर्ण ठरलं तर सरासरी वेतनाच्या ९० टक्के रक्कम तहहयात दरमहा मिळते.

वकिलासाठी जमीन विकायची गरज नाही. औद्योगिक कामगाराला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत विधी सहाय्य मिळतं, जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. खासगी वकील केलाच तर फी ठरावीक आणि लेखी ठरवा. ‘मिळालं त्यातले वीस टक्के’ हा सौदा वकिली व्यवसायाच्या नियमांत बसत नाही. दावा तुम्ही राहता त्या भागातल्या आयुक्तांकडे लावता येतो, त्यामुळे पुण्या-मुंबईत काम करून गावी परतलेल्यांनाही तिकडे हेलपाटे घालावे लागत नाहीत. निकाल तीन महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो. तुम्ही दोन वर्षं धरून चाला. रक्कम देय झाल्यापासून महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के सरळ व्याज लागतं. तेरा लाखांवर दोन वर्षांचं व्याजच तीन लाखांच्या पुढे जातं. विनाकारण टाळल्याबद्दल पन्नास टक्क्यांपर्यंत दंड वेगळा. अपील करायचं तर मालकाला आधी रक्कम भरावी लागते.

ही दोन वर्षं काढायची कशी? उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेत करा, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात चौकशी करा. पीएफमधून आजारपणाची उचल घेता येते, त्यातून आधी सावकार मिटवा. महिन्याला ४,५०० नुसतं व्याज, म्हणजे वर्षाला ५४,०००. परवानाधारक सावकारालासुद्धा ३६ टक्के घेता येत नाहीत. तो ऐकत नसेल तर तक्रार सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे.

हे लिहिणं जड जातं, पण लिहायला हवं. यजमानांचं काही बरंवाईट झालं तर रुग्णालयाच्या मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्रावर नुसतं ‘हृदयक्रिया बंद पडून’ येऊ देऊ नका. मूळ कारण म्हणून फुप्फुसाचा कॅन्सर आणि ॲस्बेस्टॉसचा उल्लेख डॉक्टरांना लिहायला सांगा. त्यानंतरची भरपाई कंपनीकडून थेट रोख घेऊ नका, ती आयुक्तांकडेच भरावी लागते. आणि चौदा वर्षं ते धुळीचे कपडे तुम्हीच धुतलेत, तर स्वतःचा छातीचा एक्स-रे काढून घ्या.

समझोता करायचाच नाही असं नाही. डॉक्टरांचा अपंगत्वाचा आकडा हाती आला की पुन्हा बसा. तो साठच्या आसपास असेल आणि कंपनी ग्रॅच्युइटी व उपचार खर्च वेगळा ठेवून साडेसहा-सात लाख देत असेल, तर आयुक्तांपुढे नोंदवून घ्यायला माझी हरकत नाही. संपूर्ण अपंगत्व असेल तर दहा लाखांच्या खाली उतरू नका.