साहेबांनी सांगितलं म्हणून: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई, मी लातूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत कॅशियर आहे. वय २९, घरी सासूबाई, दोन लेकरं, मालकांचं काम कधी असतंय कधी नसतंय. गेल्या दिवाळीच्या आधी साहेब म्हणाले कॅश कमी आहे, कुणी मोठी रक्कम मागितली तर चारनंतर या म्हणायचं. मी म्हणलं. मग उद्या या म्हणायला लागले. मग सर्व्हर डाऊन आहे. आता एफडी मॅच्युअर झाली तरी पैसे द्यायचेच नाहीत, अर्धा टक्का जास्त सांगून रिन्यू करून घ्यायची. परवा एक म्हातारे काका आले, सोयाबीनचे पैसे ठेवलेले, नातीच्या लग्नाला पाहिजे होते. पावती प्लास्टिकच्या पिशवीत चार घड्या घालून आणलेली, काउंटरवर उलगडून हातानं सपाट केली आणि माझ्याकडं बघत राहिले. मी म्हणलं सर्व्हर डाऊन आहे. माझा कॉम्प्युटर चालू होता आणि त्याचा उजेड त्यांच्या चष्म्यात दिसत होता. ते काहीच बोलले नाहीत, पावती परत घडी घालून गेले. एका मावशीला मात्र मी हळूच सांगितलं, रिन्यू करू नका म्हणून. रात्री झोप येत नाही. ताई, मी इतकी वाईट कधी झाले?

उत्तर: बाई, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तू विचारलंस कधी झाले, आणि त्याचं उत्तर तूच वरती लिहून ठेवलंयस बघ, चारनंतर या, उद्या या, सर्व्हर डाऊन, रिन्यू करा. साहेबांनी पहिल्याच दिवशी येऊन म्हटलं असतं की लोकांच्या ठेवी अडकल्यात, तू त्यांच्याशी खोटं बोल, तर तू बोलली असतीस का? मला नाही वाटत. पण चारनंतर या म्हणण्यात काय एवढं, आणि एकदा ते म्हटलं की उद्या या म्हणायला जीभ अडत नाही, आणि उद्या या म्हणून झालं की सर्व्हर डाऊन तर फक्त दोन शब्द.

अमेरिकेत येल विद्यापीठात स्टॅनली मिलग्राम नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९६१ साली एक प्रयोग सुरू केला. त्याच वर्षी जेरुसलेमला आइकमनवर खटला चालू होता, ज्यूंना छळछावण्यांत पाठवणारा नाझी अधिकारी, आणि तो म्हणत होता मी हुकूम पाळला. मिलग्रामनी पेपरात जाहिरात देऊन साधी माणसं बोलावली, तासाभराचे चार डॉलर. पलीकडच्या खोलीत एक माणूस बसलाय, त्याचं उत्तर चुकलं की बटण दाबून शॉक द्यायचा, आणि दर चुकीला १५ व्होल्ट वाढवायचे. ३० बटणं, १५ पासून ४५० पर्यंत, आणि कुणी अडलं की प्रयोग घेणारा साहेब म्हणायचा, चालू ठेवा. शॉक खोटा होता, पलीकडचा माणूस सामील होता, पण बटण दाबणाऱ्याला हे माहीत नव्हतं. मिलग्रामनी आधी मानसोपचार तज्ज्ञांना विचारलं होतं की शेवटपर्यंत किती जण जातील, तर ते म्हणाले हजारात एखादा. १९६३ साली जे छापून आलं त्यात ४० पैकी २६ जण ४५० पर्यंत गेले. आणि ती माणसं काही मजेत नव्हती हं, घाम फुटलेला, हात थरथरतायत, ओठ चावतायत, पुन्हापुन्हा विचारतायत की त्या माणसाला काही झालं तर, आणि तरी पुढचं बटण दाबतायत. तुझी झोप उडालीय ना, तसंच.

नंतर या प्रयोगावर पुष्कळ टीका झाली आणि ती बरोबरही आहे, लोकांना असं फसवून ताण देणं चुकीचंच होतं, आणि काहींना शॉक खोटा असल्याचा संशय आला होता असंही पुढं दिसलं. पण त्यातल्या तीन गोष्टी मला तुझ्या काउंटरवर जशाच्या तशा दिसतात, म्हणून सांगते.

एक म्हणजे त्या १५-१५ व्होल्टच्या पायऱ्या, त्या तर तू ओळखल्याच असशील. कोणत्याही दोन बटणांत फरक इतका थोडा की याच बटणाला का थांबावं हे सापडतच नाही. प्रयोगाच्या काही प्रकारांत १५० व्होल्टला पलीकडचा माणूस पहिल्यांदा ओरडून म्हणायचा, मला सोडा, मला नाही करायचं हे. जे थांबले त्यांच्यातले बरेच नेमके तिथंच थांबले, आणि जे तो आवाज ऐकूनही पुढं गेले त्यातले बहुतेक शेवटपर्यंत गेले. तुझा १५० व्होल्ट म्हणजे ते काका आहेत. तोंडानं ते काहीच बोलले नाहीत, पण तू ऐकलंस, नाहीतर पत्र लिहिलं नसतंस.

दुसरं त्या मावशीचं. मिलग्रामनी एका प्रकारात साहेब खोलीतून बाहेर पाठवला आणि हुकूम फोनवरून द्यायला लावले, तर शेवटपर्यंत जाणारे एकदम वीस टक्क्यांच्या आसपास आले. त्यातही काही जण फोनवर सांगायचे की हो साहेब वाढवतोय, आणि प्रत्यक्षात सगळ्यात कमी शॉकचं बटण दाबायचे. म्हणजे साहेबाला नाही म्हणण्यापेक्षा त्यांना साहेबाशी खोटं बोलणं सोपं गेलं. तू मावशीला हळूच सांगितलंस ते माणुसकीचंच होतं, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण त्यानं एका मावशीचे पैसे वाचले असतील, रांगेतल्या पुढच्या माणसाला तू परत सर्व्हर डाऊनच म्हणालीस ना.

तिसरी गोष्ट सगळ्यात कामाची. एका प्रकारात बटणाच्या टेबलाशी तिघं बसवले, त्यातले दोघं मिलग्रामचीच माणसं. ती दोघं एकामागून एक उठली, आम्ही नाही करणार म्हणून. मग तिसरा, जो खरा होता, अशा ४० जणांपैकी फक्त चारच शेवटपर्यंत गेले. माणसं तशीच, साहेब तोच, शॉकही तेवढाच, आणि सव्वीसाचे चार झाले. तुझ्या पत्रात साहेब आहेत, काका आहेत, मावशी आहे, पण शेजारच्या टेबलावरचा क्लार्क नाही, पिग्मी गोळा करणारा एजंट नाही. तो एजंट तर रोज संध्याकाळी दुकानादुकानात त्याच लोकांच्या तोंडासमोर उभा राहतो, त्याला झोप लागत असेल असं तुला वाटतं का? आधी त्याच्याशी बोल. ऑफिसात नको, घरी चहाला बोलाव.

मग दोघं मिळून साहेबांकडं जा आणि एवढंच म्हणा की हे आम्हाला लेखी द्या. साहेब बहुतेक ओरडणार नाहीत, समजावतील, संस्था आपलीच आहे, लोक घाबरले तर सगळंच बुडेल, तुमच्या पगाराचं काय. इथं सांभाळ. जेरी बर्गर या मानसशास्त्रज्ञांनी तो प्रयोग १५० व्होल्टपर्यंतच ठेवून परत केला, २००९ साली तो छापून आला, त्यात ‘तुम्हाला दुसरा पर्यायच नाही’ असा सरळ हुकूम आला की माणसं उलट थांबायची. ‘कामासाठी गरजेचं आहे हो’ अशा गोड बोलण्यावर चालू राहायची. गोड बोलणं जास्त ओढतं.

आणि नोकरीची भीती खोटी नाही, दोन लेकरांच्या आईला मी कसं सांगू की दे राजीनामा. पण एक कायदा माहीत असू दे, ठेवीदारांच्या संरक्षणाचा १९९९ चा, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात. त्यात संचालक आणि मॅनेजरसोबत कारभार चालवायला जबाबदार असलेला कर्मचारीही येतो, आणि शिक्षा सहा वर्षांपर्यंत आहे. कॅशियर त्यात कितपत येते हे वकील कागद बघून सांगेल, म्हणून त्याला आताच भेट. कुणी काय सांगितलं, कोणत्या तारखेला, ते घरच्या वहीत लिहायला आजपासून सुरुवात कर. संस्था राज्यात नोंदलेली असेल तर तालुक्याला सहकार खात्याचे सहायक निबंधक असतात, तक्रार तिथं जाते. आणि ते काका परत येतील. तेव्हा निदान सर्व्हर डाऊन म्हणू नकोस. साहेबांच्या केबिनकडं बोट दाखव आणि म्हण, काका, माझ्या हातात नाही, तिथं विचारा आणि लेखी घ्या.

प्रश्न: ताई मी हिंगोलीकडचा, लातूरला नीटच्या क्लासला आहे, बॅचला दीडशे पोरं. फिजिक्सचे सर फळ्यावर गणित सोडवतात आणि विचारतात समजलं का, तर सगळे एका सुरात हो सर. मला समजलेलं नसतंय पण मी बी हो सर म्हणतो. परवा टेस्टला तेच गणित आलं आणि आमच्या रूमवरच्या तिघांना बी आलं नाही. मग हे लोक हो सर कामून म्हणायलेत?

उत्तर: तू कामून म्हणायलास, त्याच कारणानं. तू त्यांचा आवाज ऐकून हो म्हणतोस आणि ते तुझा ऐकून.

सॉलोमन ॲश नावाच्या संशोधकानं १९५० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन, त्यातली पहिलीएवढी कोणती ते मोठ्यानं सांगायचं. एकट्याला विचारलं तर शंभरात एखादी चूक होणार नाही इतकं सोपं. पण खोलीतले बाकी सगळे ॲशचे सामील, आणि ते ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे. खऱ्या माणसाचा नंबर जवळजवळ शेवटी यायचा. तर एक तृतीयांशाहून जास्त उत्तरं लोकांनी घोळक्याबरोबर चुकीची दिली, आणि चारातल्या तिघांनी निदान एकदा तरी. नंतर विचारलं तर काही म्हणाले दिसत होतं आम्हाला पण वेगळं पडायचं नव्हतं, आणि काहींना खरंच वाटलं होतं की आपल्याच डोळ्यात काहीतरी बिघाड आहे. तुझ्या बॅचमध्ये ही दुसऱ्या प्रकारची पोरं भरपूर असणार, मला येत नाही म्हणजे मीच ढ, म्हणून रात्री रडणारी. त्यांची मला जास्त काळजी वाटते.

एकानं जरी बरोबर उत्तर दिलं की चुका एकदम खाली यायच्या, आणि उत्तर मोठ्यानं न सांगता कागदावर लिहायला दिलं तरी यायच्या. तर सरांना सांग की सर, हात वर करायला लावू नका, शेवटची दोन मिनिटं चिठ्ठ्या घ्या, नाव न लिहिता. एकटा जाऊ नकोस, रूमवरचे तिघं आहेत ना, चौघं जा. सरांनाही ते हवंच असेल, दीडशे पोरांच्या हो सर वरून त्यांना तरी काय कळणार.

प्रश्न: मी धाराशिव जिल्ह्यातला निवृत्त मुख्याध्यापक. आपल्या सदरात वरचेवर ‘नाही म्हणायला शिका’ असा सूर असतो. आम्ही मुलांना आज्ञाधारकपणा शिकवला. तो दुर्गुण आहे काय?

उत्तर: गुरुजी, नमस्कार. दुर्गुण नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये किंवा पूर आलेल्या गावात प्रत्येकजण वाद घालत बसला तर माणसं मरतील. पण आज्ञा पाळण्याआधी एकदा बघायची सवयही शिकवावी लागते, आणि ती आपण कमी शिकवली असं मला वाटतं. मी स्वतः एका कॉलेजात शिकवत असताना वरून सांगितलं म्हणून न आलेल्या मुलांची हजेरी भरलीय, महिनाभर, आणि त्याची आजही लाज वाटते.

अमेरिकेत १९६६ साली छापलेल्या एका अभ्यासात अनोळखी डॉक्टरनं फोन करून २२ नर्सना एका औषधाचा डोस द्यायला सांगितलं, २० मिलिग्रॅम, आणि बाटलीवर लिहिलेलं की दिवसाला जास्तीत जास्त १०. २१ जणी निघाल्या द्यायला, त्यांना वाटेत थांबवलं. १९७७ साली दुसऱ्यांनी तसंच केलं, पण औषध नर्सना माहितीतलं होतं आणि आपसात विचारायला मुभा होती. या वेळी १८ पैकी दोघीच तयार झाल्या. त्या नर्स काही शिस्त मोडणाऱ्या नव्हत्या, त्यांना औषध माहीत होतं आणि शेजारणीला विचारता येत होतं एवढंच.

आणि गुरुजी, हे तुम्हाला मी काय सांगावं, तुमच्याच जिल्ह्यात हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत स्वामी रामानंद तीर्थ शिकवायचे. मग अंबाजोगाईला. अतिशय शिस्तीचा माणूस, आणि १९३८ साली तेच निजामानं स्टेट काँग्रेसवर घातलेली बंदी मोडून सत्याग्रहात तुरुंगात गेले. त्याच वर्षी औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या आणि हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या पोरांना सांगण्यात आलं की वसतिगृहात वंदे मातरम् म्हणायचं नाही. पोरांनी म्हटलं. काढून टाकलं तर एकेकटी माफी लिहून देण्याऐवजी घोळक्यानं बाहेर पडली, आणि त्यातल्या कितीतरी जणांना नागपूर विद्यापीठानं घेतलं, तिथं जाऊन त्यांनी परीक्षा दिल्या.