ट्रॅकरवर काम करायचं म्हणतेस तर

काय गं, तुझी मेल दोनदा वाचली. फ्यूचर कोलायडरच्या, म्हणजे कण एकमेकांवर आदळवणाऱ्या पुढच्या मशीनच्या, सिलिकॉन ट्रॅकरवर (कणांची वाट टिपणाऱ्या डिटेक्टरवर) पीएचडी करायची म्हणतेस, ऐकून फार बरं वाटलं, पण अख्ख्या मेलमध्ये पिक्सेल, म्हणजे सेन्सरवरचे चौकोन, किती बारीक करता येतील एवढंच आहे, आणि मला तिथेच तुला जरा अडवायचंय.

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेपाशी ९१ किलोमीटर परिघाचा एफसीसी (फ्यूचर सर्क्युलर कोलायडर) उभा राहिला तर त्याच्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन मशीनला व्हर्टेक्स डिटेक्टरकडून, म्हणजे टक्करीच्या जागेला सगळ्यात जवळच्या डिटेक्टरकडून, ३ मायक्रॉनच्या आसपास अचूकता हवीय. बारीक पिक्सेलने ती मिळेलही. पण कमी मोमेंटमचा कण वाटेत जे काही लागेल त्यात थोडा थोडा वळत जातो, मग तो सेन्सर असो, गोंद असो, केबल असो नाहीतर कूलिंगची नळी, आणि तो एकदा वळला की तुझ्या बारीक पिक्सेलचा काय उपयोग? खरी मारामारी वाटेतलं मटेरियल कमी करायची आहे. सर्नच्याच अ‍ॅलिस प्रयोगवाल्यांचं आयटीएस३, म्हणजे त्यांचा नवा आतला ट्रॅकर, नीट बघ. सिलिकॉन ५० मायक्रॉनपर्यंत पातळ केलं की ते कागदासारखं वाकतं, सगळ्यात आतला थर १९ मिलिमीटर त्रिज्येवर गुंडाळायचा, आणि थंड ठेवायला पाणी नाही, नुसती हवा! आम्ही वेफरला (सिलिकॉनच्या पातळ चकतीला) हात लावताना श्वास रोखून धरायचो, ते सिलिकॉन असं वाकलेलं पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला.

पातळ केलं की सिग्नलही घटतो. कण सिलिकॉनमधून गेला की मायक्रॉनमागे साधारण ८० इलेक्ट्रॉन-होल जोड्या सुटतात, तोच सिग्नल, म्हणजे ५० मायक्रॉनला ४ हजारच्या आसपास, तेही सगळी जाडी कामी आली तर. तेवढ्यात नॉइज सांभाळायचा, म्हणून फ्रंट-एंड इलेक्ट्रॉनिक्स (सेन्सरचा सिग्नल पहिल्यांदा उचलणारं सर्किट) शिकायचं टाळू नकोस.

मी नवीन असताना एका सेन्सरचा लीकेज करंट (कण नसतानाही झिरपणारा करंट) रोज सकाळी दुप्पट यायचा. मी तीन आठवडे रेडिएशन डॅमेज शोधत बसलो. रात्री लॅबचा एसी बंद व्हायचा, बस्स. सिलिकॉनमध्ये सात-आठ डिग्री वाढली की करंट दुप्पट होतो, आणि माझ्या वहीत तापमानाचा रकानाच नव्हता.

आणि इथे भारतात राहून काय होणार असं लिहिलंयस ते मनातून काढ. सर्नच्या सीएमएस प्रयोगातल्या प्रीशॉवर डिटेक्टरसाठी बीएआरसीने (भाभा अणुसंशोधन केंद्राने) बेंगळुरूच्या बीईएलमध्ये (भारत इलेक्ट्रॉनिक्स) सिलिकॉन सेन्सर बनवून घेतलेत.

या आठवड्यात कुठून तरी एक जुना सिलिकॉन डायोड माग, झाकून अंधारात ठेव, आयव्ही कर्व्ह (व्होल्टेजप्रमाणे करंट किती, त्याचा आलेख) काढ, मग झाकण काढून दिव्याखाली परत काढ. दोन्ही मला पाठव, तापमानासकट.